सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या (सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या) स्वयंसेवकांची प्रेरणा मोजायला कोणती प्रश्नावली वापरू?

क्लेरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांची १९९८ची ‘व्हॉलंटिअर फंक्शन्स इन्व्हेंटरी’ वापरा, प्रबंधाला ती पुरते. ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि सहा हेतू: मूल्यं, शिकणं, ओळखीपाळखी, करिअर, मनावरचं ओझं हलकं करणं, स्वतःबद्दल बरं वाटणं. बहुतेक जण ‘मूल्यं’लाच भरघोस गुण देतात (विचारल्यावर कोण नाही म्हणेल!), त्यामुळे नुसत्या सरासरीवर जाऊ नका. टिकून कोण राहतं ते वेगळं बघा. ओमोटो-स्नायडर यांच्या १९९५च्या अभ्यासात अमेरिकेत एड्सग्रस्तांना मदत करणाऱ्यांपैकी जास्त काळ टिकले ते शिकणं, आत्मसन्मान असे ‘स्वतःसाठीचे’ हेतू असणारे.

एक अडचण मात्र आहे. बाराबंदी (पारंपरिक पांढरा पोशाख) घालून नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, पेलणाऱ्या मानकऱ्यांना ही प्रश्नावली देऊ नका. ज्याच्या घरात मान पिढीजात चालत आलाय, त्याला ‘का सुरू केलं?’ विचारून काय मिळणार? त्यांच्या मुलाखती घ्या. प्रश्नावली गर्दी आवरणाऱ्या, पाणी वाटणाऱ्या पोरांना द्या, आणि सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातले स्वयंसेवक असतील तर तेलुगू भाषांतरही तयार ठेवा.