‘इंडेंचर्ड’ म्हणजे वेठबिगार नव्हे

प्रश्न असा: १६१९ साली उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत उतरवलेल्या पहिल्या आफ्रिकनांना मराठीत ‘गुलाम’ म्हणावं की ‘वेठबिगार’? जुन्या इंग्रजी कागदांत त्यांना ‘सर्व्हंट’ म्हटलंय, म्हणून ही शंका.

आधी ‘वेठबिगार’ बाजूला ठेवा. इंग्लंडहून आलेल्या ‘इंडेंचर्ड सर्व्हंट’लाही, म्हणजे ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर (‘इंडेंचर’वर) राबणाऱ्या नोकरालाही, हल्ली सर्रास हाच शब्द चिकटवतात, ते साफ चूक आहे. वेठ म्हणजे संस्कृतातली ‘विष्टि’, बिगार हा फारसी ‘बेगार’. दोन्हींत फुकट राबणं आहे, मुदतीचा पत्ता नाही. इंडेंचरात सगळा जीव मुदतीतच.

आणि काय सुंदर शब्द आहे तो! त्याच्या पोटात दात आहेत. लॅटिन ‘डेन्स’ आणि आपला ‘दंत’ एकाच कुळातले. एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचा, मधून करवतीसारखा वेडावाकडा कापायचा, एक तुकडा मालकाला, दुसरा नोकराला. तंटा झाला की दात जुळवून बघायचे. म्हणून मी ‘दातेरी करार’ म्हणतो. कोशकारांचा ‘करारबद्ध’ अगदीच बेचव. घरभाडेकरूसुद्धा करारबद्धच असतो. त्यापेक्षा मॉरिशस-फिजीला गेलेल्या आपल्या मजुरांनी ‘अ‍ॅग्रिमेंट’चं केलेलं ‘गिरमिट’ कितीतरी सरस. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. (सुताराचं गिरमिट वेगळं.)

व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतांवर आलेल्या अनेक गोऱ्या नोकरांकडे असा दातेरी तुकडा असे, साधारण चार ते सात वर्षांचा. ऑगस्ट १६१९ मध्ये पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ जहाजावरून उतरवलेल्या ‘वीस आणि वर काही’ माणसांकडे कुठला तुकडा? ती अंगोलातून पोर्तुगीज जहाजावर कोंबलेली आणि भर समुद्रात लुटून आणलेली. त्याच वसाहतीतला जॉन रॉल्फ लिहितो, गव्हर्नर आणि व्यापाऱ्याने ती शिध्याच्या बदल्यात घेतली. शिध्यावर विकल्या गेलेल्या माणसाने करार कुणाशी केला?

ऑस्कर आणि मेरी हँडलिन या इतिहासकार दांपत्याने १९५० मध्ये सुरुवातीच्या आफ्रिकनांना गोऱ्या नोकरांच्याच पंक्तीला बसवलं. मला ते मुळीच मान्य नाही. अँथनी जॉन्सनसारखे काही जण मोकळे झाले, त्यांनी जमीनही केली, हे खरं. पण सुटका होणं वेगळं आणि मुदत भरणं वेगळं. ‘सर्व्हंट’ हे तेव्हाचं ढोबळ नाव होतं, त्यावरून हक्क ठरत नाहीत.

व्हर्जिनियाच्या न्यायालयाचा १६४० चा निकाल बघा. एकाच मालकाचे तीन नोकर शेजारच्या मेरीलँड वसाहतीत पळाले आणि पकडले गेले. तिघांनाही तीस-तीस फटके. एक डच, एक स्कॉट. त्यांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच, आफ्रिकन. त्याला जन्मभर चाकरी. पुढे १६६२ च्या कायद्याने आई गुलाम तर मूलही गुलाम ठरलं, बाप इंग्रज असला तरी.

‘गुलाम’च लिहा.