विचारा डॉक्टरांना : थायरॉइडचं ऑपरेशन झालं, आता पुढे?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 44, सांगलीजवळ राहते. गळ्यात दोन्ही बाजूला गाठी होत्या म्हणून पाच आठवड्यांपूर्वी पूर्ण थायरॉइड काढली. गाठी साध्याच निघाल्या, कॅन्सर नाही. पहिले तीन आठवडे छान गेले. आता ओठांभोवती मुंग्या येतात, परवा कणीक मळताना बोटं आखडून एकमेकांना चिकटली, सोडवता येईनात. काल दवाखान्यात बीपी बघायला पट्टा बांधला, तो जरा जास्त वेळ फुगलेला राहिला तर पंजा आपोआप वाकडा झाला, तिथे म्हणाले टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात वात आहे. कॅल्शियमच्या गोळ्या मी दहा दिवसांपूर्वी बंद केल्यात, शेजारच्या काकू म्हणाल्या त्याने मूतखडा होतो. थायरॉइडची गोळी मात्र रोज सकाळी चहाबरोबर न चुकता घेते.

उत्तर : ताई, हा अंक हातात पडायची वाट बघायला लागू नये म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंच आहे, पण इतरांसाठी इथे लिहितो. हा वात नाही आणि टेन्शन पण नाही, रक्तातलं कॅल्शियम उतरलंय याची ही खूण आहे. पट्टा फुगवून ठेवल्यावर पंजा असा वळतो हे ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय आणि आम्ही मुद्दाम पट्टा तीन मिनिटं फुगवून ही तपासणी करतो, तुमची तर फुकटात झाली!

झालंय काय, थायरॉइडच्या पाठीला चिकटून बहुतेकांना चार छोट्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. नाव सारखं असलं तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही, त्या कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये सर्जन त्यांना जपतो, पण त्यांचा रक्तपुरवठा इतका नाजूक की नुसत्या हाताळण्यानेही त्या काही दिवस किंवा काही महिने सुस्त पडतात. बहुतेकांच्या परत कामाला लागतात, थोड्यांच्या नाही लागत. तोवर बाहेरून कॅल्शियम द्यायचं, आणि तुम्ही ते मध्येच थांबवलंत म्हणून तीन आठवडे छान गेले आणि मग बिघडलं.

काकूंचं अगदीच चूक नाही हं. वर्षानुवर्षं जास्त कॅल्शियम घेतलं तर लघवीवाटे जास्त जातं आणि खडा होऊ शकतो, म्हणूनच तर रक्त तपासून डोस हळूहळू कमी करतात. पण कमी करणं डॉक्टरांचं काम, काकूंचं नाही. कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडमधून निघणारं संप्रेरक) या दोन तपासण्या आजच करा, सोबत मॅग्नेशियम पण बघायला सांगा, कारण ते कमी असलं तर कितीही कॅल्शियम खा, वर येत नाही. आणि बोटं परत आखडली, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास घेताना आवाज यायला लागला तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथे शिरेतून कॅल्शियम देतात आणि बरं वाटतं.

एक घोळ बऱ्याच घरांत होतो. कॅल्शियमबरोबर कॅल्सिट्रिऑलची छोटी कॅप्सूल लिहून दिलेली असते, मेडिकलवाला किंवा घरातलं कोणी म्हणतं ते डी व्हिटॅमिनच आहे, आपल्याकडे आठवड्याची 60,000 ची पुडी आहेच की. नाही चालत. ती पुडी शरीरात वापरण्याजोगी व्हायला पॅराथायरॉइडचा हात लागतो आणि तुमच्या तर त्याच झोपल्यात, कॅल्सिट्रिऑल आधीच तयार रूपात असतं.

आता वेळा. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर निदान अर्धा तास, तासभर थांबलात तर उत्तमच (माझ्या आईला हे पटायला दोन वर्षं लागली). परत चालू झाल्यावर कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, कारण कॅल्शियम कार्बोनेट पोटात अन्न असलं की चांगलं लागू पडतं, आणि थायरॉइडच्या गोळीपासून ते चार तास लांब हवं, नाहीतर तिला आतच धरून ठेवतं. लोहाच्या गोळीचं पण तसंच. एकादशीला जेवण नाही म्हणून कॅल्शियम सोडू नका, साबुदाण्याबरोबर घ्या.

प्रश्न : आमच्या गावच्या भजनी मंडळात मी गातो, वय 57. अर्धी थायरॉइड काढून चार महिने झाले. बोलायला काही अडचण नाही, पण आधी काळी चारमध्ये गायचो, आता वरचा सा लावायला गेलं की आवाज फाटतो नाहीतर नुसती हवा येते. मंडळी म्हणतात आवाज गेला.

उत्तर : बुवा, गेला असं एवढ्यात म्हणू नका. स्वरयंत्राकडे दोन वेगवेगळ्या नसा जातात. एक मोठी, तिला इजा झाली की आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो. दुसरी बारीक, थायरॉइडच्या वरच्या टोकाजवळून जाणारी, ती स्वरतंतू ताणते, म्हणजे पट्टी चढवायचं काम तिचं. तुमचं वर्णन दुसरीकडे बोट दाखवतंय. इटलीची ऑपेरा गायिका अमेलिता गाली-कुर्ची हिचं 1935 मध्ये गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिचा आवाज उतरला असं म्हणतात, म्हणून सर्जन लोक या नसेची गोष्ट तिच्या नावाने सांगतात, पुढे जुनी माहिती तपासून काहींनी म्हटलं की दोष ऑपरेशनचा नसेलही, असो.

कान-नाक-घसावाल्यांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, आणि स्पीच थेरपिस्टला भेटाच. नस नुसती ताणली गेली असेल तर सुधारायला सहा महिने, कधी वर्ष पण लागतं. तोवर पट्टी दोन सुरांनी उतरवा, जोर लावून वरचा सा ओढू नका. आणि आवाज वाचवायचा म्हणून कुजबुजत बोलू नका, कुजबुजण्याने गळ्यावर उलट ताण येतो.

प्रश्न : मंगळसूत्र नेमकं टाक्याच्या वणावर घासतं. कधीपासून घालू?

उत्तर : जखम पूर्ण सुकली, खपली नाही, लाली कमी झाली की. साधारण दोन महिने लांब पोत घाला म्हणजे खाली लोंबेल. सिलिकॉन जेल आणि उन्हात जाताना ओढणी किंवा सनस्क्रीन वर्षभर तरी, नाहीतर वण काळा पडतो. वण उंच आणि खाजरा व्हायला लागला तर लवकर दाखवा.

प्रश्न : आईची पूर्ण थायरॉइड काढली, 50 ची गोळी चालू आहे. दहा दिवसांत टीएसएच (गोळी पुरते का ते बघायची रक्ततपासणी) केला तर वाढलेला आला, थकवा पण आहे. गोळ्या दोन करू का?

उत्तर : स्वतःहून नको. या गोळीचं औषध अंगात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे खरा आकडा सहा आठवड्यांनी कळतो. पण ग्रंथी पूर्ण काढलेल्यांना साधारण किलोला 1.6 मायक्रोग्रॅम लागतं, त्यामुळे आईचं वजन 60 किलो असेल तर 50 मायक्रोग्रॅम कमीच पडणार, हे डॉक्टरांना या आठवड्यातच फोन करून विचारा. आईला हृदयाचा त्रास असेल तर ते मुद्दाम कमीपासून सुरू करतात, तेही विचारून घ्या.