उताऱ्यात लेखकाची मांडणी कशी ओळखावी?

परीक्षा जवळ आल्या की उताऱ्याची मांडणी, म्हणजे मजकूर कसा रचलाय, ओळखण्याचा तोच घोळ नव्या हस्ताक्षरात येतो. या खेपेचे प्रश्न कोकणातले.

शिष्यवृत्तीला आधी प्रश्न वाचावेत की उतारा? (पालक, गुहागर)
उतारा.

सालं दिसली की कालक्रमाची मांडणी ना? (आठवी, मालवण)
नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या उताऱ्यात १६६४ आणि १६६७ ही बांधकामाची सालं येणारच. बाकी मजकूर तटाचा, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या विहिरींचा असेल तर ते वर्णन. तरी अडलं तर उतारा बाईंना दाखव.

क्लासमध्ये यादी पाठ करून घेतली: ‘त्यामुळे’ म्हणजे कारण-परिणाम, ‘मग’ म्हणजे क्रम. तरी उत्तरं चुकतात. (दहावी, दापोली)
चुकणारच! ही यादी विकायला सोपी, म्हणून खपते. हे वाच: ‘हापूसला मोहोर आला. फळं वाटाण्याएवढी झाली. मग थंडी वाढली. त्याच फांद्यांवर पुन्हा मोहोर फुटला. आधीची फळं गळाली.’ यादीवाला ‘मग’ बघून क्रम लिहितो नि मोकळा होतो. कुठल्याही बागायतदाराला विचार, पुनर्मोहोर आला की आधीचं फळ का गळतं ते तो सांगेल. ‘त्यामुळे’ एकदाही नाही, तरी मांडणी कारण-परिणामाची. उलट, मोदकाच्या कृतीत ‘उकड चिकटते म्हणून हाताला तेल लावा’ असं आलं, तरी उतारा कृतीच्या क्रमाचाच. शब्द मोजू नकोस. शेवटच्या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालून बघ, अर्थ पक्का होतो की ओढूनताणून बसतो? कृतिपत्रिकेत ओघतक्ता आला तर चौकटी भरण्याआधी बाण कसला ते ठरव: पुढची पायरी की परिणाम? निम्मे गुण तिथेच जातात असं मला वाटतं. सोडवलेले दोन-तीन उतारे घेऊन मराठीच्या सरांसमोर बस.

एका उताऱ्यात दोन मांडण्या असतात का? (नववी, रत्नागिरी)
असतात. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीवर लिहिताना माशांची वीण आणि खवळलेला दर्या ही कारणं येतात. पण सगळा रोख ‘मासळी घटतेय, करायचं काय’ याकडे असेल तर मुख्य मांडणी समस्या-उपायाची.

‘सात दिवसांत उतारा पक्का’ हा ऑनलाइन कोर्स घेऊ का? (पालक, देवगड)
नको. शाळेत जुन्या कृतिपत्रिका मागा.

मुलगी सातवीत. घडाघडा वाचते, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. दहावीपर्यंत सुधारेल म्हणतात. (पालक, श्रीवर्धन)
कोण म्हणतं? याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. एक गोष्ट तिला वाचून दाखवा, दुसरी तिची तिला वाचू द्या, दोन्ही सांगायला लावा आणि फरक शिक्षकांच्या कानावर घाला. दोन्हीकडे अडत असेल तर ऐकू नीट येतं का ते तपासा, बालरोगतज्ज्ञांना विचारा. पत्रावरून निदान मी करणार नाही.