प्राध्यापकांना पत्र आईने का लिहू नये

मूळच्या पंचवटीतल्या आणि गेली २० वर्षे न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा तिथल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. शाळेत कायम ‘ए’ मिळवणाऱ्या या मुलाला रसायनशास्त्राच्या पहिल्या दोन्ही चाचण्यांत ‘सी’ मिळाला, म्हणून ताईंनी थेट विभागात फोन लावला, तेव्हा विद्यार्थ्याविषयी पालकांशी बोलता येत नाही असे त्यांना नम्रपणे सांगण्यात आले. “सर, तुम्ही नाशिकला इतकी वर्षे शिकवलेत, प्राध्यापकांना काय लिहायचे ते तुम्हीच लिहून द्या. मुलाला मी सांगितले आहे की उगाच प्रश्न विचारून त्यांना त्रास देऊ नकोस, मुकाट्याने अभ्यास कर,” असे त्या लिहितात.

ताई, पत्र मी लिहून देणार नाही, आणि मुलाला दिलेला तो सल्लाही तुम्ही आजच मागे घ्यावा.

फोनवरच्या माणसाने तुमचा अपमान केलेला नाही. अमेरिकेत १९७४ सालापासून ‘फर्पा’ नावाचा कायदा आहे. शाळेत असेपर्यंत मुलाच्या नोंदी पाहण्याचा हक्क आईवडिलांचा असतो. मुलगा १८ वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात दाखल झाला की तो हक्क त्याच्याकडे जातो. करपत्रकात मुलगा अवलंबित दाखवलेला असेल तर संस्था पालकांना माहिती देऊ शकते, पण तसे तिच्यावर बंधन नाही. मुलाने लेखी संमती दिली तर मार्ग मोकळा होतो. तरीही त्या संमतीच्या जोरावर प्राध्यापकांना गाठणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण मुलाविषयी त्यांचे पहिले मत तुमच्या पत्रावरून बनेल.

खरी अडचण कायद्याची नसून सवयीची आहे. तुमच्या माझ्या पिढीने नाशिकमध्ये ज्या पद्धतीने शिक्षण घेतले, तिच्यात शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा. प्रश्नपत्रिका पुणे विद्यापीठातून येई, उत्तरपत्रिका कोणत्या गावच्या परीक्षकाच्या हाती पडली हे कुणालाच कळत नसे, आणि त्यामुळे वर्गातले शिक्षक व विद्यार्थी दोघेही परीक्षेच्या एकाच बाजूला उभे असत. सरांनी नोट्स द्याव्यात, पोर्शन वेळेत संपवावा, येणाऱ्या प्रश्नांचा अंदाज सांगावा, एवढीच आमच्याकडून अपेक्षा होती. आमची अपेक्षा हजेरी आणि वर्गातली शांतता यांपलीकडे फारशी जात नसे. तिथे मात्र शिकवणारा, प्रश्न काढणारा आणि गुण देणारा माणूस बहुधा एकच असतो. म्हणून या एका माणसाला उत्तरात काय हवे आहे, नुसते अंतिम उत्तर की प्रत्येक पायरी, हे त्याच्याच तोंडून समजून घेणे तिथे अभ्यासाचाच भाग आहे. त्याला लाडीगोडी म्हणू नये.

सिलॅबस या शब्दानेही आपली अशीच फसगत होते. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे प्रकरणांची यादी आणि गुणांची विभागणी. तिथे पहिल्या दिवशी मिळणारा सिलॅबस म्हणजे त्या प्राध्यापकाने त्या वर्गाशी केलेला एक प्रकारचा करारनामाच असतो. गृहपाठाला किती टक्के, उशिरा दिल्यास किती गुण कापणार, वर्गातल्या सहभागाला गुण आहेत का, चाचणी चुकली तर काय, गुणांविषयी तक्रार किती दिवसांत करायची, एआयची मदत कुठे चालेल आणि कुठे नाही, हे सारे त्यात लिहिलेले असते. विद्यार्थ्याने तो वाचलेला आहे असे प्राध्यापक गृहीत धरतात आणि त्यात उत्तर असलेला प्रश्न पुन्हा विचारला की वैतागतात. मात्र हा कागद दोन्ही बाजूंनी वाचायचा असतो: लिहिल्याप्रमाणे गुण दिले जावेत, कमी गुणांचे कारण कळावे, ठरलेल्या वेळी प्राध्यापक भेटावेत, ही अपेक्षा विद्यार्थी मान ताठ ठेवून करू शकतो. वेळेचा हिशेबही ठरलेला आहे. विषयाचा भार तिथे ‘क्रेडिट’ या एककात मोजतात. एका क्रेडिटला आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तास धरतात, म्हणजे ३ क्रेडिटच्या विषयाला आठवड्याचे ९ तास झाले. शाळेत हुशारीवर निभावून गेलेली मुले नेमकी इथे अडखळतात.

आता ‘ऑफिस अवर्स’विषयी. आमच्या स्टाफरूमच्या दारात मुले चपला सरकवत उभी राहायची, एक जण मान आत घालून “सर, येऊ का?” म्हणायचा आणि मी वर पाहीपर्यंत मागचे तिघे पसार झालेले असायचे. शंका विचारणे म्हणजे सरांनी नीट शिकवले नाही असे सुचवणे, अशी त्यांची समजूत होती आणि ती दूर करण्यासाठी आम्ही फार काही केले नाही. तिथे प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवतात आणि बऱ्याचदा त्या वेळेत एकटे बसून असतात. तुमच्या मुलाने दोन्ही तपासलेल्या चाचण्या घेऊन जावे आणि “मला जास्त गुण हवेत” असे न म्हणता, “या तिसऱ्या प्रश्नात माझी मांडणी कुठे चुकली?” असे विचारावे. आधी मेल करायचा असेल तर तो चार ओळींचा असावा: विषयाचा क्रमांक, वर्गाची वेळ, नेमकी शंका आणि भेटीची विनंती. संबोधन ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ नाशिकला ठेवून द्यावे.

एका गोष्टीविषयी मात्र मला जरा अवघडूनच लिहावे लागते. प्रॅक्टिकलच्या जर्नल्स आपल्याकडे कशा तयार होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची जर्नल समोर ठेवून निरीक्षणांसकट उतरवून काढायची आणि सकाळी खाकी कव्हरांचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवायचा. एका वर्षी २२ जणांच्या बॅचमध्ये १९ जर्नल्सत दुसऱ्या दशांशापर्यंत एकच वाचन होते. मी सह्या केल्या, कारण सही अडवली तर मुलांची टर्म अडकली असती. तिथे याच गोष्टीवरून सरळ चौकशी होते, विषयात नापास करतात, नोंदीत शेरा पडतो, आणि ज्याने आपला अहवाल दुसऱ्याला दिला तोही सुटत नाही. घरी याविषयी एकदा स्पष्ट बोला, कारण मित्राला मदत करणे हा आपल्याकडचा संस्कार त्या क्षणी मुलाच्या अंगाशी येऊ शकतो.

विषय सोडावा का, असेही तुम्ही विचारले आहे. त्याची शेवटची तारीख महाविद्यालयाच्या वेळापत्रकात असते. मुदतीत सोडल्यास गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ येतो, तो सरासरीत साधारणतः धरला जात नाही. निर्णय प्राध्यापकांना भेटल्यानंतरच घ्यावा. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांनी आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारावे, कारण पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि परवानगीवाचून त्याखाली आल्यास व्हिसाच धोक्यात येतो.

तुमची भाची मस्कतहून आजीकडे राहायला येऊन जूनपासून नाशिकला शिकणार आहे, तिच्याबाबतीत सगळे उलटे घडेल. तिने शिक्षकांना सर किंवा मॅडम म्हणावे, भर वर्गात त्यांची चूक दाखवण्याऐवजी तास संपल्यावर स्टाफरूममध्ये विचारावे, ७५ टक्के हजेरी पहिल्या आठवड्यापासून सांभाळावी आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच दिवशी जावे, कारण तास रद्द झाल्याची सूचना बहुधा तिथेच येते. जर्नल मात्र तिने प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर स्वतः लिहावी आणि त्याच आठवड्यात सही घ्यावी; सत्राच्या शेवटी त्या टेबलापुढे लागणारी रांग पार जिन्यापर्यंत जाते.