द्राक्षाचे पैसे, बल्गेरियाची ट्रिप आणि मेव्हण्यांचं पॅरिस

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो, शेती दिंडोरीकडे, द्राक्षाची. मी, मिसेस आणि 9 वर्षांचा मुलगा, यंदा माल बरा गेला तर मे एंडला 8 रात्रींची युरोप ट्रिप करायचीय, पण 4 लाखाच्या वर एक रुपया नाही. बल्गेरिया स्वस्त पडतं म्हणतात. मेव्हणे म्हणतात एवढं लांब जाताय तर दोन दिवस पॅरिसपण उरकून या. जमेल का? आणि बँक स्टेटमेंटचं काय करू, आमचे पैसे वर्षातून एकदाच येतात.

उत्तर: भाऊ, बल्गेरिया जमेल, पॅरिस विसरा. व्हिसा चालेल हो, बल्गेरिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे त्याच व्हिसावर पॅरिसला जाता येतं, पण तुमचा खिसा चालणार नाही. तीन माणसांचं जादा विमान आणि दोन रात्रींचं पॅरिसचं हॉटेल, एवढ्यात बल्गेरियाचा आख्खा मुक्काम निघतो. मेव्हण्यांना सांगा तुम्ही स्पॉन्सर करा, मग बघू.

आता हिशोब. देश स्वस्त असला तरी विमान स्वस्त होत नाही, निम्मे पैसे मुंबई सोडायच्या आधीच गेलेले असतात. मुंबईहून सोफियाला, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीला, डायरेक्ट फ्लाइट नाही, इस्तंबूल किंवा आखातातून बदलून जावं लागतं, मी तिघांचे 1 लाख 65 हजार धरते. व्हिसा फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाच्या मुलाला 45, म्हणजे तिघांचे 225 युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज, किमान 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स आणि मुंबईच्या चकरा, सगळे मिळून 35 हजार. किचनवाला छोटा फ्लॅट रात्रीला 6 हजार म्हणजे 48, खाणं रोजचं 5 हजार म्हणजे नऊ दिवसांचे 45, आणि बस, तिकिटं, रिला मॉनेस्ट्रीची एक दिवसाची टूर असं 35. झाले 3 लाख 28 हजार. उरलेल्यातले 40 हजार बाजूला काढून ठेवा आणि त्याला शॉपिंग म्हणू नका. हे माझे अंदाज आहेत, मे महिन्यात फ्लाइट झपाझप चढतात म्हणून तिकिटाचा भाव आधी बघा आणि मग बाकीचं ठरवा.

स्टेटमेंटचा मुद्दा खरा नाजूक आहे. व्हिसावाल्यांना पगारदार माणूस समजतो, दर महिन्याला ठरलेली रक्कम. तुमच्या खात्यात आठ महिने सामसूम आणि मार्चमध्ये एकदम आठ-दहा लाख, त्यांना वाटतं कुणाकडून तरी उसने आणून दाखवलेत. म्हणून नुसतं स्टेटमेंट जोडू नका. व्यापाऱ्याच्या सौदापावत्या, सातबारा, दोन्हीचं इंग्रजी भाषांतर, मागच्या वर्षीचंही स्टेटमेंट म्हणजे तेव्हाही याच महिन्यात पैसे आले होते हे दिसतं, आणि एक साधं पत्र की आमचं पीक वर्षातून एकदा निघतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवता येतं, दाखवत असाल तर तेही जोडा. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, पैसे जमा झाले की एप्रिल उजाडायची वाट बघू नका.

बल्गेरियात 1 जानेवारी 2026 पासून युरो चालतो, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरचे लेव्हातले, म्हणजे तिथल्या जुन्या चलनातले भाव वाचून गोंधळू नका, साधारण दोन लेव्हाचा एक युरो. एटीएमवर किंवा दुकानाच्या मशीनवर 'रुपयात घेऊ का' असं विचारलं की नाही म्हणायचं, युरोच निवडायचं. मी एकदा प्लोवदिव शहरात गडबडीत रुपये दाबले आणि महाग भावात दोन जेवणांचे पैसे तिथल्या तिथे गेले, नवरा अजून ऐकवतो.

फिरायचं म्हणाल तर सोफिया आणि प्लोवदिव, दोनच मुक्काम करा. सोफियाच्या विमानतळावरून शहरात थेट मेट्रो आहे, टॅक्सी कशाला. जुन्या मिनरल बाथच्या मागे गरम पाण्याचे नळ आहेत, गावातले लोक कॅन घेऊन भरायला येतात, आपणही बाटली भरायची, फुकट. आणि मे एंडला जाताय तर काझानलाकची गुलाबाची शेतं सोडू नका, पहाटे पहाटे तोडणी चालते. आपल्या नाशकाचं एकेकाळी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, असं नाव होतं, पण गुलाबाच्या तेलावर खरंच पोट भरणारे लोक मी तिकडेच बघितले.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. सोबत तूप, चिवडा, थोडी द्राक्षं नेली तर चालतील का? (इंदिरानगर)

उत्तर: चिवडा आणि भाजणी न्या. तूप नाही, पेढे नाही, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. द्राक्षंही सर्टिफिकेटशिवाय नाही, एअरपोर्टवर कचऱ्यात जातील. तिकडे काळजी नका करू, बानित्सा म्हणजे चीज घातलेली खुसखुशीत पेस्ट्री सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, टोमॅटो-काकडीवर पांढरं चीज किसून घातलेलं शोप्स्का सॅलड आहे, आणि तारातोर म्हणजे आपली काकडीची कोशिंबीर पातळ करून गार सूपसारखी प्यायची, शेपू आणि अक्रोड घालून. फक्त एक, तिथे हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना वरखाली. मी वेटरला विचारलं 'यात मांस नाही ना', त्याने मान हलवली, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही ताटाकडे नुसते बघत बसलो. तोंडी उत्तर घ्या. 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही.