वहीतल्या लाल फुल्या

भावा, आधी ती वही मिट. प्रार्थना चुकली की लाल फुली, हे मीही वर्षभर केलंय. एका महिन्यात अकरा फुल्या झाल्या, तेव्हा लाजेनं चर्चच्या उपासनेलाच गेलो नाही. रंकाळ्यावर शेंगा फोडत बसलो. नवख्यांची चूक हीच: आधी सुधारायचं, मग देवाकडं जायचं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय वाच. बापाचा पैसा उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलानं माफीचं भाषण पाठ केलेलं. बापानं ते पुरतं होऊच दिलं नाही.

सध्या एवढंच:
- सकाळी दोन-चार वचनं, चहा निवायच्या आत.
- चुकलास तर त्याच दिवशी कबूल कर आणि झोप.
- दुसऱ्याची साक्ष, म्हणजे देवानं त्याच्यासाठी काय केलं ते, ऐकून स्वतःला मोजू नकोस.

उपासाचं वगैरे नंतर बघू. रविवारी ये, उशीर झाला तरी. मागचा बाक मोकळाच असतो.