गाझानच्या नाण्यावरील तीन लिप्या

प्रश्न : एका परिचितांच्या संग्रहात सुमारे दोन ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे पाहिले. एका बाजूस अरबीत कलमा आहे. दुसऱ्या बाजूस अरबी लिपीत ‘गाझान महमूद’ हे नाव, त्यालगत न वाचता येणारी वळणदार अक्षरे आणि कडेला तीन चौकोनी अक्षरे आहेत. नाणे मंगोलांचे आहे, असे ते सांगतात. कलमा कोरणाऱ्या राजाला इतक्या लिप्या कशाला लागल्या?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे इराणच्या इलखान घराण्यातील गाझान (कारकीर्द १२९५ ते १३०४) याचे दिरहम असावे.

चंगीझखानाचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद जिंकून अब्बासी खिलाफत बुडवली. पण त्याचे वंशज स्वतःला ‘इलखान’, म्हणजे साधारणपणे ‘मांडलिक खान’, म्हणवीत. सर्वोच्च सत्ता पूर्वेकडील खाकानाची, म्हणजे सर्व मंगोलांच्या सम्राटाची, असा तो संकेत होता. हुलागूचा मुलगा अबाका याच्या नाण्यांवरील मंगोल मजकूर ‘खाकानाच्या नावाने, अबाकाने पाडविलेले’ असा आहे. आपल्या नाण्यावरील वळणदार अक्षरे त्याच उइघुर वळणाच्या मंगोल लिपीतील असून ती एरवी वरून खाली लिहितात. तेथे मात्र ‘तेंग्रीच्या सामर्थ्याने, गाझानने पाडविलेले’ असा मजकूर असतो. (मूळ मंगोल क्रियापदही प्रयोजकच आहे, त्यामुळे ‘पाडविलेले’ हे मराठी रूप त्याला नेमके बसते.) वाक्याची ठेवण तीच, पण खाकानाच्या जागी तेंग्री, म्हणजे मंगोलांचे सनातन आकाश, आले. चीनमधून राज्य करणारा खाकान कुब्लाईखान १२९४ मध्ये वारला होता आणि गाझानने १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारला होता. दूरच्या, मुसलमान नसलेल्या सम्राटाचे नाव नाण्यावर ठेवण्याची गरज त्याला उरली नव्हती. तरीही आकाशाची मंगोल भाषा त्याने सोडली नाही, कारण त्याचे सैन्य आणि सरदार मंगोलच होते. कलमा प्रजेसाठी आणि तेंग्री सरदारांसाठी, असा हिशेब मला दिसतो.

कडेची चौकोनी अक्षरे ‘फाग्स्पा’ लिपीतील आहेत. कुब्लाईच्या आज्ञेवरून याच नावाच्या तिबेटी लामाने ती तयार केली व १२६९ मध्ये ती राजलिपी ठरली. अभ्यासकांनी ही अक्षरे ‘चक्रवर्ती’ या आपल्याच संस्कृत शब्दाचे संक्षिप्त रूप म्हणून वाचली आहेत.

नाण्याच्या वजनामागे मात्र एक फजिती आहे. गाझानच्या आधी इलखान गैखातूच्या काळात गुरांच्या साथीमुळे आणि दरबारी उधळपट्टीमुळे खजिना रिकामा झाला. तेव्हा सद्रुद्दीन झंजानी या वजिराने चीनच्या धर्तीवर ‘चाव’ नावाच्या कागदी नोटा काढल्या आणि १२९४ मध्ये तब्रीझमध्ये त्या सक्तीने चालवल्या. त्यांवर चिनी अक्षरे होती आणि कलमाही होता. पण बाजाराने कागद घेतला नाही. दुकाने बंद झाली, अन्नधान्य मिळेना, आणि सुमारे दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. चीनमध्ये जी नोट पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने चालत होती, ती तब्रीझच्या व्यापाऱ्याने केवळ हुकमामुळे का घ्यावी?

या अनुभवानंतर गाझानने रशीदुद्दीन या विद्वान वजिराच्या साहाय्याने नाण्यांची घडी बसवली. चांदीचे दिरहम अर्ध्या मिस्कालाचे (मिस्काल हे तिकडचे वजनाचे माप), म्हणजे सुमारे २.१५ ग्रॅमचे (आपल्या जुन्या मापात दोन माशांहून किंचित अधिक), आणि सहा दिरहमांचा एक चांदीचा दिनार, म्हणजे सुमारे १२.९ ग्रॅम, असे प्रमाण ठरले. राज्यभरच्या टांकसाळींनी एकाच वजनाची आणि कसाची नाणी पाडावीत, हा यातला खरा बदल होता. आपण पाहिलेले नाणे दोन ग्रॅमच्या आसपास भरते, ते यामुळेच.

पुढे गाझानचा भाऊ उल्जैतू शिया पंथाकडे वळला आणि नाण्यांवर बारा इमामांची नावे आली. त्याचा मुलगा अबू सईद याने ती काढून सुन्नी परंपरेतील चार खलिफांची नावे आणली. अबू सईदच्या कारकिर्दीत नाण्याचे वजनही टप्प्याटप्प्याने उतरत गेले. १३३५ मध्ये तो वारसाविना वारला, तेव्हा गाझानचे २.१५ ग्रॅमचे दिरहम टांकसाळीतून केव्हाच गेले होते.